तीन हजार एकशे बारा मांडव

हर्षला डोईफोडेला 'खटपट'वर सगळे टरकून असत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. 'खटपट' म्हणजे महाराष्ट्रभरच्या मेकॅनिक, वायरमन, पंपवाले, बॅटरीवाले यांचा ऑनलाइन कट्टा. कुणी अडलेल्यानं प्रश्न टाकायचा, ज्याला येतंय त्यानं उत्तर द्यायचं, आणि काम झालं की विचारणाऱ्यानं त्या उत्तराला हिरवी टिक लावायची. टिकेचे गुण मिळत. गुण साठले की अधिकार मिळत. हर्षलाकडे गुण होते एक लाख नव्वद हजार, आणि अधिकार होते ते थेट दुसऱ्याचं लिखाण पुसण्यापर्यंतचे. परभणीच्या तंत्रशाळेतली तिची पोरं तिला घाबरत नसतील एवढे कट्ट्यावरचे मिशीवाले मेकॅनिक घाबरत.

अलीकडे मात्र 'खटपट'वर येऊन धागे चाळत बसायला कुणाला वेळ नव्हता. लोक 'जाणता'ला विचारत. 'जाणता' हे बोलणारं यंत्र. फोन तोंडाजवळ धरायचा, अडचण सांगायची, की ते घडाघडा उत्तर देई. त्याला ही अक्कल आली कुठून? तर 'खटपट'सारख्या शेकडो कट्ट्यांवर लोकांनी वर्षानुवर्षं फुकट लिहून ठेवलेलं वाचून. बरीच वर्षं ते लोकांचंच ज्ञान लोकांना ऐकवत राहिलं आणि लिहिणाऱ्याचं कुणी नावही घेईना. मग आरडाओरडा झाला, कायदा झाला, आणि सहा महिन्यांपूर्वी 'मागोवा' सुरू झाला.

'मागोवा' करायचा ते काम ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण. मोठ्या पातेल्यातल्या आमटीत कुणाचं मीठ किती, हे कसं ओळखायचं? एकाचं मीठ वगळून आमटी पुन्हा करायची आणि चव किती बदलली ते बघायचं. 'मागोवा' तसंच करी. एखाद्या माणसाचं लिखाण 'जाणता'च्या स्मरणातून हिशेबानं वजा करून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. उत्तर जेवढं बिघडेल तेवढं श्रेय त्या माणसाचं. आता प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'जाणता' सांगे, हे मूळ कुणाचं. त्यामुळे हर्षलाचं नाव गावोगावच्या फोनमधून रोज ऐकू येऊ लागलं. राज्य प्रशिक्षण मंडळाचं प्रमुखपद तिला मिळणार हे जवळजवळ ठरलंच होतं. सोमवारी ऑर्डर निघायची होती.

आणि आज होता शुक्रवार. तुळशीचं लग्न उरकलेलं, आणि आज मोसमातला पहिला मोठा मुहूर्त. गोरज, सहा वाजून बारा मिनिटं.

दुपारी एकला तिच्या नवऱ्याचा, बालाजीचा फोन आला. त्याचा मंडप आणि लायटिंगचा धंदा.

"हर्षला, ऐक. बॅटऱ्या उठल्या! चार महिने मेल्यासारख्या पडल्या होत्या. काल 'जाणता'ला विचारलं, त्यानं सांगितलं तसं केलं, की चारच्या चार जाग्या. आणि खाली नाव कुणाचं सांगितलं माहितेय? हर्षला डोईफोडे, परभणी! अगं, आमचा गडी म्हणतो, मालक, वहिनी घरात असून फोनला कशाला विचारलं?"

"तेच म्हणते मी. कशाला विचारलं?" ती हसली.

"तू वर्गावर होतीस. निघालो आता मानवतला. स्टेजखाली लावतो बॅटऱ्या. दोन हजार पान आहे, लई मोठं लग्न."

फोन ठेवला तरी ती हसतच होती. स्वतःच्या नवऱ्यानं आपलं ऐकलं, हे सुख संसारात कितीदा येतं!

वीस मिनिटांनी दुसरा फोन आला. 'मागोवा'च्या कार्यालयातून, कस्तुरे नावाची मुलगी. आवाज तरुण आणि घाईचा.

"मॅडम, झोपलेली लिथियम बॅटरी जागी करायचं उत्तर तुमचं आहे. नऊ वर्षांपूर्वीचं."

"हो. त्याला टिक आहे."

"काल दोन ठिकाणी मंडपात बॅटऱ्या पेटल्या. माणसं वाचली, नशीब. दोघांनीही आदल्या दिवशी 'जाणता'ला विचारून त्या जाग्या केल्या होत्या. आम्ही मूळ काढलं. ८३ टक्के तुम्ही."

हर्षला म्हणाली, "माझं उत्तर चूक नाहीये. शेकडो रिक्षावाल्यांनी वापरलंय."

"असेल मॅडम. पण गेल्या दहा दिवसांत हे उत्तर तीन हजार एकशे बारा जणांनी घेतलंय. बहुतेक सगळे मंडपवाले. आणि आज मुहूर्त आहे."

असं एकदम का झालं, ते हर्षलाच्या लगेच लक्षात आलं. नवऱ्याचा धंदाच तो. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात. मंडपवाल्यांचं सामान चार महिने गोदामात पडून. पूर्वी जनरेटर असत, तोवर प्रश्न नव्हता. गेल्या वर्षभरात मोडीत निघालेल्या इलेक्ट्रिक बसच्या बॅटऱ्या स्वस्तात मिळू लागल्या, आणि सगळ्यांनी त्या घेतल्या. यंदा तुळशीचं लग्न लागलं आणि अख्ख्या महाराष्ट्रातले मंडपवाले एकाच आठवड्यात गोदामं उघडून मेलेल्या बॅटऱ्यांपुढे उभे राहिले. सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं. तिचं.

"मग थांबवा ना ते उत्तर!" ती जवळजवळ ओरडलीच.

"आम्हाला अधिकार नाही. पूर्वी कंपन्या दबाव आणून नको ती उत्तरं गायब करायच्या, म्हणून कायद्यानं आमचे हात बांधलेत. मूळ लेखकच मागे घेऊ शकतो. तुम्ही बघा मॅडम, लवकर बघा."

हर्षलानं स्टाफरूमचं दार लावलं आणि तो जुना धागा उघडला. तिचं उत्तर नेटकं होतं. चित्रं, आकडे, सगळं. बॅटरीचा पॅक फार उतरला की आतलं पहारेकरी सर्किट दार लावून घेतं. मग मागच्या बाजूनं अगदी बारीक करंट देऊन सेल हळूहळू वर आणायचे, एका रेषेपुढे गेले की नेहमीचा चार्जर लावायचा. प्रश्न विचारणारा रिक्षावाला होता. दोन दिवस लाईट बंद करायला विसरलेला. त्याचं काम झालं, त्यानं टिक लावली, धागा मिटला.

मग काय चुकलं? तिनं खाली सरकवलं. अधिकार असलेल्यांनाच दिसतात अशा फिकट लाल चौकटी तिथे होत्या. पुसलेल्या मजकुराच्या. तीन.

तिन्ही एकाच माणसाच्या. नाव 'तुमसर बॅटरीवाला', गुण एक. पहिल्यात लिहिलं होतं:

"मॅडमचं बरोबर आहे पण दोन दिवस पडलेल्या बॅटरीले. महिना पडलेली असन आणि सेल दीड व्होल्टच्या खाली असन तर उठवू नका. आतलं तांबं विरघळून जाते. उठते चांगली पण रात्रभर ठेवली तर आपोआप उतरते, हे निशाणी. लोड दिला की तापते आन पेटते. फेकून द्या."

हर्षलानं ते तीनदा वाचलं. चार ओळींत सगळं होतं. सेलमध्ये तांब्याचा पातळ पत्रा असतो. व्होल्टेज फार खाली जाऊन तसंच राहिलं तर ते तांबं आतल्या द्रावात उतरतं. मग चार्जिंग केलं की ते जागच्या जागी परत बसत नाही; मिळेल तिथे साचतं, त्याच्या बारीक सुया होतात आणि मधल्या पडद्याला भोक पाडतात. बाहेरून बॅटरी ठणठणीत दिसते. दिवे लागतात, वऱ्हाडी येतात, आणि मग ती तापायला लागते.

तिन्ही चौकटींखाली पुसण्याचं कारण होतं, आणि खाली तिचंच नाव होतं. 'हे प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याच्या उत्तरावर काही म्हणायचं असेल तर टिप्पणीत लिहा. कृपया नियम वाचा.' तिसऱ्या खेपेला तिनं त्याचं खातंच बंद केलं होतं. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. फक्त टिप्पणी लिहायला किमान पन्नास गुण लागत, आणि त्या माणसाकडे एक होता. त्यानं लिहावं तरी कुठे? 'खटपट'वर नव्या माणसाची ही कोंडी रोजचीच होती, आणि हर्षलासारखे जुने लोक ती मजकूर न वाचताच सोडवत. नाव नवं, गुण एक, की पूस. पुसलेलं 'जाणता'च्या वाचनात कधी आलंच नाही.

"अगं बाई गं," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिला बालाजी आठवला.

"अहो, बॅटऱ्या कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? स्टेजखाली. टेस्टिंग चालूय. एक नंबर उजेड—"

"बंद करा. आत्ताच्या आत्ता. बाहेर काढा."

"काय बोलायलीस तू? चार तासांवर लग्न आहे! नवरीचा बाप इथंच उभा आहे."

"हात लावून बघा प्रत्येक पेटीला. माझी शपथ आहे तुम्हाला, बघा."

फोनवर खुडबुड आणि कुणाला तरी 'सरक' म्हटलेलं ऐकू आलं. मग बालाजीचा आवाज बदलला. "तीन नंबरची गरम लागतेय गं. चांगलीच."

"वायर तोडा. चारही काढा. मोकळ्या रानात न्या, लांब ठेवा, पाणी-वाळू जवळ ठेवा. आणि कुणाला जवळ फिरकू देऊ नका."

पावणेतीनला त्याचा पुन्हा फोन आला. चारही पेट्या मंडपामागच्या काढलेल्या सोयाबीनच्या रानात होत्या. भाड्याचा जनरेटर येत होता. तो धापा टाकत होता. हर्षलानं त्याला सगळं सांगितलं, तीन पुसलेल्या चौकटींसकट.

"मग आता काय करणारेस?"

"दोन रस्ते आहेत. उत्तर दुरुस्त करायचं, तर तपासणीला चौदा दिवस लागतात. लोक श्रेयासाठी जुनी उत्तरं बदलत सुटले होते, म्हणून तसा नियम केलाय. नाहीतर श्रेयत्याग. तो केला की 'जाणता' त्याच क्षणी उत्तर थांबवतो आणि ज्यांनी ज्यांनी ते घेतलं त्या सगळ्यांना निरोप देतो. पण मग माझी सगळीच उत्तरं चौकशीत जातात. गुण शून्य. आणि सोमवारची ऑर्डर गेली."

बालाजी हळूच म्हणाला, "आपली तर निघाली ना बाहेर? दुरुस्ती पाठवून दे आणि गप्प बैस. बाकीचे काय दूधखुळे आहेत? तापली तर त्यांनाही कळेल की. वीस वर्षं घातलीस तू त्यात, हर्षला."

कुणी म्हणेल, काय माणूस आहे! पण हर्षलाच्याही मनात तेच आलं होतं, त्यानं म्हणायच्या आधी. दुरुस्तीचं पान तिनं उघडलंही होतं. चौदा दिवसांनी सगळं व्यवस्थित होईल, कुणाला काही कळणार नाही, पुसलेल्या चौकटी इतक्या वर्षांनी उघडून बघणार कोण? तिला ते हवंहवंसं वाटलं आणि वाटल्याचा इतका राग आला की तिनं टेबलावर हात आपटला.

"तुम्ही पेटीला हात का लावलात? मी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "त्यांना कोण सांगणारे?"

"मग कर तुला करायचं ते," बालाजी म्हणाला. आवाजात राग होता, पण फोन त्यानं ठेवला नाही. "लवकर कर."

श्रेयत्यागाच्या पानावर एक अट होती. निरोपात नवं उत्तर द्यायचं, तर त्यामागे नवं नाव हवं, आणि त्या माणसानं स्वतःच्या आवाजात होकार द्यायला हवा. नावाबरोबर जबाबदारीही येते म्हणून. नाव नसलेला निरोप लोक उघडतसुद्धा नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती स्वतः तरी कुठे उघडत होती?

'तुमसर बॅटरीवाला'चं खातं बंद, पत्ता जुना, फोन नाही. तिनं नकाशावर नंबर सापडलेल्या तुमसरच्या एका सायकलवाल्यापासून सुरुवात केली. त्यानं टायरवाल्याचा नंबर दिला, टायरवाल्यानं ई-रिक्षा स्टँडवरच्या कुणाचा तरी. तिथल्या माणसानं, "बॅटरीवाला? तो बिसेन असन," म्हणून एक नंबर सांगितला. तो नंबर दोनदा वाजून थांबला. चारला पाच मिनिटं कमी असताना तिसऱ्यांदा लागला.

"खेमराज बिसेन बोलता का?"

"बोलून रायलो. कोन?"

"मी हर्षला डोईफोडे. परभणीहून. 'खटपट'वरची."

पलीकडे कुठेतरी ग्राइंडर चालू होता, तो बंद झाला.

"नियमवाल्या मॅडम?"

"हो," हर्षला म्हणाली. "तीच."

"तीन खेप टाकलं होतं न जी मी. तुम्ही म्हनलं, टिप्पणीत लिहा. टिप्पणीत लिहाले पन्नास गुण लागते म्हने. मी गुण आनू कुठून? किराना दुकानात त भेटत नाही."

"माझी चूक झाली. मी वाचलंच नव्हतं. गुण एक दिसला आणि पुसून टाकलं. तिन्ही वेळा."

"वाचलंच नाही?" त्याला जणू हे नवीनच होतं. "मले वाटलं वाचून पुसलं. म्हनलं, शिकल्यासवरल्या बाई आहे, माहंच काही चुकलं असन." तो थांबला. "डावा हात पट्टीत होता माहा तवा. दोन बोटं गेली, तुमचं वाचूनच उठवली होती बॅटरी. उजव्या हातानं टाईप करून टाकलं, दुसऱ्याचं तरी नको जाय म्हनून."

हर्षलाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायलाही तिला वेळ घ्यावासा वाटेना. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं: मंडप, मुहूर्त, निरोप, नावाची अट.

"माहं नाव?" खेमराज म्हणाला. "नाही जी. नाव म्हनजे जिम्मेदारी. उद्या काही झालं त मलेच धरतीन."

"धरतील," ती म्हणाली. खोटं बोलून होकार घ्यायचा तिला धीर झाला नाही. "चौकशी होऊ शकते. पण तुमचं बरोबर आहे, ते मी लिहून देते."

"तुमच्या लिहून द्याले काय किंमत राहीन मॅडम? तुम्ही त आपलंच नाव सोडून रायल्या."

"नाही राहणार," ती म्हणाली.

मागे कुणी गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला त्यानं "थांब न बाप्पा!" म्हणून झापलं.

"किती जागा हाय म्हनता?"

"तीन हजार एकशे बारा. त्यातली एक माझ्या नवऱ्याची होती. ती काढली."

"एका मांडवात पाचशे मानूस धरा," खेमराज पुटपुटला. मग म्हणाला, "घ्या, आवाज घ्या माहा. पन एक. माहं तिन्ही खेपेचं लिवलेलं जसं होतं तसं परत लावा. आन त्याच्याखाली तुमचं ते वाक्यबी राहू द्या, नावासकट. पुढच्यानं पुसाच्या आधी वाचलं पायजे."

"ठेवते," हर्षला म्हणाली.

अधिकार होते तोवर तिनं तिन्ही चौकटी परत लावल्या, खाली स्वतःचं वाक्य नावासकट ठेवलं, आणि चार वाजून अकरा मिनिटांनी श्रेयत्याग केला. पडद्यावर विचारलं गेलं, नक्की का? तिनं हो म्हटलं. पुन्हा विचारलं गेलं. तिनं पुन्हा हो म्हटलं. एक लाख नव्वद हजारांचा आकडा गेला आणि तिथे शून्य आलं. निरोप सुटला: 'महिनाभर पडून असलेली बॅटरी जागी केली असेल तर आत्ता वायर तोडा, माणसांपासून लांब मोकळ्यावर न्या. आतलं तांबं विरघळलेलं असतं. मूळ: खेमराज बिसेन, तुमसर.'

पोचपावत्या येऊ लागल्या. कस्तुरे तिकडून आकडे सांगत होती. साडेचारला सहाशे. पाचला सतराशे. कुणी लिहिलं, काढली. कुणी लिहिलं, गरमच होती, देवानं वाचवलं. कुणी शिव्या घातल्या, मुहूर्ताच्या दिवशी हे काय नाटक म्हणून, पण काढली. साडेपाचला आकडा अठ्ठावीसशे नव्वदवर अडला. उरलेल्या दोनशे बावीस जणांनी निरोप उघडलाच नव्हता. मंडपवाला मुहूर्ताच्या तासाभर आधी फोन बघतो कधी?

"यादी द्या मला," हर्षला म्हणाली.

"मॅडम, तुमचा आता यात काही अधिकार..."

"अधिकार नाही, माहितेय मला. नंबर द्या. तुमची माणसं वरून लावू देत, मी खालून लावते."

कस्तुरेनं यादी पाठवली. तेवढ्यात बालाजीचा फोन येऊन गेला: रानातली तीन नंबरची पेटी पेटली होती, पुरुषभर उंच जाळ, आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. नवरीचा बाप त्याच्या गळ्यात पडून रडला होता. "मीही यादीतले लावतो, अर्धे मला दे," बालाजी म्हणाला. तिनं दिले.

ती एकामागून एक नंबर फिरवत सुटली. पाच पन्नासला एक आवाज चढ्या सुरात म्हणाला, "कोण बोलतंय? इथं नवरदेव पारावर आलाय, वाजंत्री ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"स्टेजखालच्या बॅटऱ्या काढा. चार महिने पडलेल्या ना? त्या पेटतात."

"तुम्ही कोण सांगणार? 'जाणता'नं सांगितलं तसं केलंय आम्ही. त्यात मोठ्या बाईंचं नाव होतं, डोईफोडे म्हणून. तुमचं नाव काय?"

हर्षलानं नाव सांगितलं असतं, तर ज्या बाईंचं ऐकून बॅटऱ्या लावल्या त्याच त्या काढायला सांगताहेत हे त्याला खरं वाटलं नसतं, आणि तो वाद घालत बसला असता. तेवढा वेळ नव्हता.

"माझं नाव राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या फोनवर निरोप आलाय, उघडा. तुमसरच्या खेमराज बिसेनांनी सांगितलंय. त्यांचा स्वतःचा हात भाजलाय यात, दोन बोटं गेलीत. डोईफोडेबाईंचं चुकलं होतं. मी बिसेनांच्या वतीनं बोलतेय."

पलीकडे वाजंत्री वाजत राहिली. मग त्या माणसानं कुणालातरी हाक मारली, "ए, स्टेजखालची लाईन काढ रे! बिसेन म्हणून कुणी आहे, त्यांचा निरोप आहे," आणि फोन तसाच चालू ठेवून तो पळाला.

हर्षलानं त्या नंबरावर खूण केली आणि पुढचा लावला. पहिली घंटा वाजायच्या आतच तिनं वाक्य तयार ठेवलं होतं.

"नमस्कार, मी खेमराज बिसेन यांच्या वतीनं बोलतेय."